शेततळ्याचा कागद आणि विजेची परतीची वाट

विंचूर परिसरातील द्राक्षबागांशेजारी, खड्ड्याला प्लास्टिकचा जाड कागद अंथरून केलेली शेततळी आता विहिरीइतकीच परिचयाची झाली आहेत, आणि तळाचा गाळ ओढला जाऊ नये म्हणून काही ठिकाणी मोटर रिकाम्या पिंपांच्या तराफ्यावर तरंगती ठेवली जाते. या तराफ्याला कोणी होडी म्हणत नसले, तरी विद्युतजोडणीच्या दृष्टीने तो होडीचाच भाऊबंद होय. कारण दोन्हींत पंप पाण्यात, तारा ओलाव्यात आणि माणसाचे हात भिजलेले, अशी तिहेरी अडचण एकाच जागी जमते.

पाण्यात वीज नुसतीच ‘पसरते’ ही समजूत अर्धवट आहे. प्रवाह जेथून निघाला तेथे परत जाण्यास वाट मिळाली, तरच तो वाहतो. शेतीपंपाची वीज ज्या रोहित्रातून, म्हणजे बोलीतल्या डीपीतून, येते त्याचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असल्याने जमीन हीच एक परतीची वाट ठरते. विहिरीत मोटरीचे वाइंडिंग खराब झाले, तर गळती पाण्यातून आणि खडकातून जमिनीत जात राहते. शेततळ्यात मात्र कागद विद्युतरोधक असल्यामुळे पाणी जमिनीपासून तुटलेले असते; गळतीला वाट नसते, म्हणून फ्यूज उडत नाही, मोटर चालू राहते आणि पाणी फेजच्या दाबाला चढून बसते. काठावरच्या ओल्या मातीत उभे राहून कोणी त्यात हात घातला, की तुटलेली वाट त्याच्या शरीरातून जुळते. गळती रोखण्यासाठी अंथरलेला कागद विजेची गळती लपवतो, हे ध्यानात घेतले जात नाही.

यासाठी मोटरीच्या धातूच्या कवचापासून जमिनीतील सळईपर्यंत स्वतंत्र, अखंड तार न्यावी लागते; तिलाच आर्थिंग म्हणतात. परंतु आर्थिंग केले की काम संपले, हा समज आकडेमोडीत टिकत नाही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली, की सळईचा रोध सहज वाढतो. तो 20 ओहम आणि डीपीकडील रोध 4 ओहम धरला, तर 240 व्होल्टला गळतीचा प्रवाह केवळ 10 अँपिअर भरतो. पाच अश्वशक्तीची मोटर स्वतःच साधारण साडेसात अँपिअर घेत असल्याने तिचा फ्यूज या 10 अँपिअरहून मोठा असतो, म्हणजे तो वितळत नाही आणि मोटरीचे कवच सुमारे 200 व्होल्टवर राहते. फ्यूजच्या किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळण्याची सवय असेल, तर बोलायलाच नको. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. त्यातून जाणारे आणि परतणारे प्रवाह जुळले नाहीत, म्हणजे काही भाग अन्यत्र वाहू लागला, की 30 मिलिअँपिअर क्षमतेचे हे उपकरण सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. आर्थिंगमुळे गळतीला वाट मिळत असल्याने ते माणसाचा स्पर्श होण्याआधीच तोडू शकते. वारंवार पडते म्हणून हे उपकरण काढून टाकणारा वायरमन गळती दुरुस्त करत नाही, तिची खबर बंद करतो.

सहलीच्या छोट्या नौकेतील धोका निराळा असतो. तळाशी साचणारे पाणी उपसणारा तेथील पंप बहुधा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. या दाबाने सहसा झटका बसत नाही. परंतु बॅटरीच्या दोन टोकांत आडकाठीविना जोड झाला, तर शेकडो अँपिअर वाहून तार लाल होते आणि आग लागते. म्हणूनच फ्यूज पंपाजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा. अमेरिकी नौकामानकात हे अंतर सर्वसाधारणपणे सुमारे 18 सेंटिमीटर धरले आहे, कारण फ्यूजच्या आधीची तार असंरक्षित राहते. किनाऱ्यावरून 230 व्होल्टची जोडणी घेतली, की मात्र झटक्याचा प्रश्न परत येतो, आणि तो समुद्रापेक्षा धरणाच्या गोड्या पाण्यात अधिक गंभीर असतो: खारे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक असल्याने प्रवाह शरीराला वळसा घालतो, गोड्या पाण्यात तो शरीरच निवडतो.

नौकेच्या या पंपाला तरंगता स्विच असतो आणि मालक नसतानाही तो चालावा, म्हणून मुख्य स्विच टाळून, पण फ्यूजमधूनच, त्याला वीज दिली जाते. शेतीपंपाचा ऑटो स्विचही असाच माणसाविना चालतो, पण रात्रीच्या भारनियमनानंतर वीज आली की त्याला तराफ्यावर कोणी आहे की नाही हे कळत नाही. त्यामुळे मोटर ओढण्यापूर्वी ऑटो बंद करणे पुरेसे नाही. मुख्य स्विच खाली करून, पेटीला कुलूप लावून, किल्ली पाण्यात उतरणाऱ्याच्याच खिशात असावी लागते. मोटरही दोरानेच ओढावी, केबल धरून नव्हे, कारण ताण बसला की सर्वांत आधी पाण्याखालचा सांधा सुटतो.