आपटी खाणारा रॉबिन हूड

डॅफी डक ओढ्याकाठी लाठी घेऊन उभा राहतो, एकेका डावाचं नाव मोठ्यानं घेत ती गरागरा फिरवतो, आणि शेवटी ती लाठी त्याच्याच चोचीवर बसते. चोच वळून आभाळाकडे जाते. पडलो तरी नाक वर, ही आपली म्हण जणू कुणी चित्रात काढून ठेवावी तशी. समोर साधूच्या झग्यातला गोलमटोल पोर्की पिग, म्हणजे फ्रायर टक, हे सगळं बघत असतो. त्याला रॉबिन हूडच्या टोळीत सामील व्हायचं आहे, पण समोरचं बदक म्हणजेच रॉबिन हूड, हे काही केल्या त्याला पटत नाही. ‘रॉबिन हूड डॅफी’ हा जेमतेम सहा-सात मिनिटांचा कार्टूनपट वॉर्नर ब्रदर्सनं १९५८ च्या मार्चमध्ये चित्रपटगृहांत आणला. दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकल माल्टीज यांची, डॅफी आणि पोर्की या दोघांचेही आवाज मेल ब्लँक यांचे. हे विडंबन आहे असं सगळेच म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. पण विडंबन म्हटलं की मूळ गोष्ट थोर आणि ही तिची टवाळी, असा हिशेब आपण नकळत मांडून मोकळे होतो. इथे तो हिशेब चुकतो. टवाळी ज्या देखण्या नायकाची आहे, त्याच्यापेक्षा हे आपटणारं बदक जुन्या रॉबिन हूडच्या जास्त जवळचं आहे. आणि ते तसं झालं ते चित्रकारांच्या टेबलावरच्या कामातून.

ते काम कसं चालायचं हे आधी बघायला हवं. जोन्स आपल्या कामाबद्दल बोलताना एक आकडा सांगत: ५४० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे ५४० फूट म्हणजे सहा मिनिटं, म्हणजेच ८,६४० चौकटी. एवढ्यात गोष्ट बसवायची. साध्या चित्रपटात जास्तीचं चित्रण करून मागाहून कात्री चालवता येते. इथे ती चैन नव्हती, कारण कापून टाकायच्या प्रत्येक चित्रावर कुणाच्या तरी हातांची मेहनत आणि स्टुडिओची मजुरी आधीच खर्ची पडलेली असे. त्यामुळे संकलन चित्र काढण्याआधीच, दिग्दर्शकाच्या डोक्यात आणि कागदावर व्हायचं. संवाद आधी ध्वनिमुद्रित होत, मग दिग्दर्शक मुख्य मुद्रांची चित्रं काढून तक्त्यावर चौकटी मोजून देई, ॲनिमेटर हालचाल रेखाटी, त्याचे सहायक मधली चित्रं भरत, आणि शेवटी सगळं कॅमेऱ्याखाली जाई. हे वाचायला सोपं वाटतं. अवघड असतं ते चोचीवर लाठी बसल्यानंतरचं थांबणं. फटका एक-दोन चौकटींत उरकतो. तो दिसतो कमी आणि जाणवतो जास्त. हसू येतं ते त्यानंतरच्या शांततेत, डॅफीला झाल्या प्रकाराची जाणीव होते तेव्हा. त्या क्षणी सबंध शरीर एका सेलवर, म्हणजे चित्राच्या पारदर्शक तावावर, निश्चल असतं आणि फक्त पापण्या दुसऱ्या सेलवर हलतात. पापणी जरा लवकर मिटली तर तो नुसता मार खाल्लेला प्राणी राहतो. नेमक्या वेळी मिटली तर तो मानी माणूस होतो. दरीत कोसळणाऱ्या आपल्या कोल्ह्याबद्दल, वायली कायोटीबद्दल, जोन्स असंच सांगत: तो दिसेनासा व्हायला १८ चौकटी, आणि मग १४ चौकटींनी तळाशी धुळीचा ढग. एखाद-दुसरी चौकट इकडेतिकडे झाली तर गंमत जाते, हे त्यांचं ठाम मत होतं. चौकट म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. इतक्या बारीक मापानं पडणं मोजणारी माणसं पोरखेळ करत नव्हती.

या मापात आणखी एक वाटा आहे आणि तो पडद्यावर कुठेच लिहिलेला नाही. ॲनिमेटरच्या पेन्सिलीच्या रेषा पारदर्शक सेलवर शाईनं गिरवणं आणि मागच्या बाजूनं रंग भरणं हे काम त्या काळात बहुतांशी स्त्रिया करत. चित्रं सेलवर यंत्रानं उतरवण्याची पद्धत मोठ्या चित्रपटात आली ती १९६१ साली, डिस्नेच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये. त्याआधीची डॅफीची प्रत्येक रेषा हाताची आहे. रेषा केसभर जाड-बारीक झाली तर पडद्यावर आकृती थरथरते. चोच वर गेलेला डॅफी जेव्हा ताठ उभा राहतो, तेव्हा त्याच्या ताठ्याला पहिला आधार त्या गिरवणाऱ्या हाताच्या स्थिरतेचा असतो. श्रेयनामावलीत केन हॅरिससारख्या ॲनिमेटरांची नावं येतात. या हातांची येत नाहीत. हे अन्यायाचं होतं असं स्पष्ट म्हणायला हवं.

आता ज्याची नक्कल आहे त्याच्याकडे वळू. १९३८ साली याच वॉर्नर ब्रदर्सनं ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा झगमगीत टेक्निकलर चित्रपट काढला. मायकल कर्टिझ आणि विल्यम कीली दिग्दर्शक, एरॉल फ्लिन नायक. कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या बिडवेल पार्कचं शेरवुडचं जंगल झालं. फ्लिनचा रॉबिन वेलींवरून झेपावतो, कमरेवर हात ठेवून हसतो, आणि त्याचा बाण चुकत नाही. ही सहजता कुणाची होती? चित्रपटातले अवघड बाण सोडणारा माणूस हॉवर्ड हिल हा नाणावलेला तिरंदाज होता. संकलनाला ऑस्कर मिळालं, एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांच्या संगीतालाही मिळालं. म्हणजे नायकाचं चापल्य पाच-पन्नास जणांत वाटलेलं होतं, आणि जोड दिसू नये हेच त्या सगळ्यांचं कसब. जोन्स आणि माल्टीज या जोडीनं १९४९ च्या ‘रॅबिट हूड’मध्ये बग्ज बनीला शेरवुडमध्ये नेलं आणि शेवटी खुद्द फ्लिनचाच तुकडा दाखवला. नऊ वर्षांनी डॅफीची पाळी आली तोवर अमेरिकेत घरोघरी टीव्हीवर रिचर्ड ग्रीनचा रॉबिन हूड येत होता. प्रेक्षकाला झेप तोंडपाठ होती. डॅफी ओरडून दोराला लटकतो आणि झाडावर आपटतो, तेव्हा त्या झेपेतले लपवलेले जोडच पहिल्यांदा उघडे पडतात: दोर, वजन, वेग आणि मधे उभं असलेलं झाड.

पण रॉबिन हूड मुळात असा अजिंक्य होता का? फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी-स्कॉटिश लोकगाथांचा जो संग्रह केला, त्यात ११७ ते १५४ या क्रमांकांवर रॉबिन हूडच्या गाथा आहेत. त्यातल्या बऱ्याच गाथांचा साचा एकच: रॉबिनला वाटेत कुणीतरी अनोळखी भेटतो, दोघांची जुंपते आणि रॉबिन मार खातो. लिटल जॉन त्याला लाठीच्या झटापटीत ओढ्यात पाडतो. एका गाथेत साधू त्याला पाठीवर घेऊन ओढा ओलांडू लागतो आणि मध्यावर पाण्यात टाकून देतो. कुंभाराकडून, कासाराकडून, चांभाराकडूनही तो हरतो. आणि मग ज्यानं हरवलं त्यालाच म्हणतो, चल, माझ्या टोळीत ये. लोकांनी ज्याला शतकानुशतकं जिवाशी धरलं तो नायक मार खाणारा होता. त्याचा मोठेपणा पाण्यातून वर आल्यावर सुरू व्हायचा.

कुणी म्हणेल, १९३८ च्या चित्रपटातही फ्लिन ओढ्यात पडतोच की. लाठी आणि साधू दोन्ही तिथे आहेत, मग बदकाला वेगळं श्रेय कशाला? माल्टीज यांनी काही चाइल्डचा संग्रह पुढ्यात घेऊन गोष्ट लिहिली नसणार; त्यांनी चित्रपट पाहिला आणि त्याची खिल्ली उडवली. हे मला मान्य आहे. पण फ्लिन पाण्यातून हसत वर येतो. कपडे भिजतात, ऐट कोरडीच राहते. त्याचं पडणं हा दोन विजयांमधला विसावा आहे. डॅफीच्या बाबतीत भिजते ती ऐट. गाथेतल्या रॉबिनचंही तेच होतं, कारण तिथे ज्याच्याकडून मार बसतो तो साधा कामकरी माणूस असतो आणि ऐकणारेही तसेच असत. गोष्टीची हाडं लेखकाला ठाऊक नसतानाही पुढच्या गोष्टीत जातात. हसवण्यासाठी नायकाला पाडायचं ठरवलं की हात आपोआप त्या जुन्या ओढ्याकाठीच पोचतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एकच विनोद पुन्हा पुन्हा केलाय, डॅफी दोरावरून येतो आणि झाडावर आपटतो, परत येतो आणि परत आपटतो. ही काटकसर आहे, कला नव्हे. पैशांची ओढाताण त्या काळी होतीच. पण ५४० फुटांत पुनरावृत्तीवर फिल्म घालणं म्हणजे इतर काहीतरी सोडणं. जोन्स यांनी ते जाणून केलं. पहिल्या आपटीला आपण दचकून हसतो, पुढच्या वेळी झेप घेण्याआधीच हसू लागतो, आणि मग तो वाटेतली झाडं तोडून रस्ता मोकळा करतो तेव्हा हसू थोडं ओशाळतं. एवढी मेहनत, एवढी चिकाटी, आणि तरीही आपटी. पार्श्वभूमीही याच कामाला जुंपलेली आहे. मॉरिस नोबल यांच्या आखणीतलं जंगल खऱ्या जंगलासारखं दाट नाही. सपाट रंगांवर उभे सरळसोट बुंधे आहेत. ही सपाट शैली आधी यूपीए या स्टुडिओनं रुजवली. गंमत अशी की त्यांनी १९४८ साली जॉन हबली यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रॉबिन हूडलम’ केला होता, कोल्ह्याला रॉबिन करून, आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. तिथे ती शैली डोळ्यांना नवी वाटावी म्हणून आहे. नोबल यांच्या हातात प्रत्येक उभी रेघ हा डॅफीच्या आडव्या झेपेला दिलेला नकार आहे.

राहिला तो क्रूरपणाचा आरोप: अपयशी माणसाला हसायला शिकवणारी ही करमणूक आहे, असा. पोर्की हसतो, पोट धरून हसतो, हे खरं. पण कॅमेरा पोर्कीच्या बाजूला कितीदा जातो आणि डॅफीच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, याचा हिशेब मांडला तर उत्तर मिळतं. बग्ज म्हणजे आपल्याला जे व्हावंसं वाटतं ते आणि डॅफी म्हणजे आपण प्रत्यक्षात जे असतो ते, असं जोन्स यांचं म्हणणं होतं. ते पापणीचं मिटणं, चोच ठिकाणावर आणून पुन्हा ताठ उभं राहणं, हे सगळं त्याची बाजू घेऊन काढलेलं आहे. तुच्छतेनं कुणी इतकं मन लावून काम करत नाही. पोर्की तरी दुष्ट कुठे आहे? त्याला रॉबिन हूड हवा आहे, फक्त तो समोर उभा असूनही ओळखू येत नाही, कारण त्याच्याही डोक्यात फ्लिन बसला आहे. अखेर डॅफी हात टेकतो, स्वतःच साधूचा झगा घालून येतो आणि पोर्कीला म्हणतो की तू माझ्याकडे येऊ नकोस, मीच तुझ्याकडे आलो. गाथांमध्ये जिंकणारा रॉबिनच्या टोळीत जातो. इथे हरलेला रॉबिन साधूकडे जातो. दोन्हीकडे ओढ्याकाठी भांडायला उभे राहिलेले दोघे शेवटी एकाच बाजूला असतात.