आईची गोधडी आणि माझं मशीन

चार वर्षांपूर्वी साताऱ्याहून परतताना माझ्या बॅगेत एक अर्धवट गोधडी आली. अर्धवट म्हणजे फक्त वरचा थर. आजीची लुगडी, आईच्या साड्या, माझे लहानपणचे फ्रॉक यांचे तुकडे आईने हाताने जोडून ठेवले होते. पुढे तिची बोटं आखडली आणि सुई सुटली. "आता तू पुरी कर," एवढंच म्हणाली.

पुरी करायची म्हणजे खाली अस्तर, मध्ये भरण घालून तिन्ही थरांतून धावदोरा घालायचा. नोकरी, मुलं आणि न्यू जर्सीतला रोजचा प्रवास सांभाळून हाताने हे करायला मला पाच वर्षं तरी लागली असती. आईचं वय तेव्हा ८२. म्हणून घरच्या साध्या शिवणयंत्रावरच करायचं ठरवलं. "हाताच्या कामावर मशीनची टीप? शोभेल का?" असं एका मैत्रिणीने विचारलंच. हा वाद अमेरिकेतही झालेला आहे. १९८९ साली केंटकीतल्या पड्यूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मशीनवर टीप घातलेल्या गोधडीला तो मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि हातशिलाईवाल्यांनी बरीच कुरकुर केली. म्हटलं, आपण एकट्याच पापी नाही!

तरी माझा पहिला प्रयत्न पार फसला. आमच्या घरी गोधडी कडेपासून सुरू होते. चारी बाजूंनी फेऱ्या घालत मध्यापर्यंत यायचं. मीही तसंच केलं. चौथ्या फेरीला मध्ये कापडाचा फुगा जमला आणि त्याच्या चुण्या शिवल्या गेल्या. तीन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. उसवताना आईने घातलेले दोन सांधे सुटले, तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. हाताने शिवताना डावा हात गोधडीखाली असतो. जास्तीचं कापड बोटांना लागतं आणि दर टाक्याला थोडं थोडं जिरवता येतं. मशीनला ही जाण नाही. त्याचे खालचे दाते अस्तर पुढे ओढतात, तर वरचा थर फूटखाली दबून मागे रेंगाळतो. प्रत्येक ओळीला केसभर फरक पडतो आणि कडेकडून आत आलं की तो सगळा मध्ये कोंडतो. म्हणून मशीनवर उलटं करायचं. पहिली ओळ बरोबर मध्यावर घालायची, मग बाहेर जायचं, म्हणजे फरक कडेला निघून जातो. शिवाय वॉकिंग फूट नावाचा जोड मिळतो. त्याला स्वतःचे दाते असतात, त्यामुळे वरचा थरही खालच्याबरोबर चालतो. आपल्या मशीनला बसेल असाच घ्यावा. ही एक खरेदी टाळू नका.

खरं काम टीप घालण्याआधीचं. ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक तुकडा दाबून पाहिला. जुन्या लाल लुगड्याचा रंग अजून सुटत होता, तो तुकडा आधी काढून वेगळा धुतला. प्रत्येक सांधा हलकेच ताणून पाहिला, ढिले होते ते हातानेच पुन्हा घातले. विरलेल्या तुकड्यांना मागून मलमल लावली. सगळ्या थराच्या कडेने पाव इंचाच्या आत एक टीप मारली, म्हणजे ओढाताणीत कडेचे सांधे उसवत नाहीत. अस्तर आणि भरण चारी बाजूंनी ४ इंच मोठं ठेवलं. अस्तर जमिनीवर ताणून चिकटपट्टीने बसवलं, त्यावर सुती भरण, त्यावर आईचं काम, आणि मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. पिना लावता लावता माझी कंबर धरली. टेबलावर केलं असतं तर बरं झालं असतं.

सुई ९०/१४ नंबरची, दोरा सुती, टाका ३ मिलिमीटरचा. उरल्यासुरल्या तुकड्यांचा तिपदरी नमुना करून आधी त्यावर टीप घालून पाहावी. खाली दोऱ्याचे फासे दिसले तर बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. तो काढून पुन्हा नीट ओवावा. मग गोधडीची एक बाजू चटईसारखी गुंडाळून मशीनच्या आत सारायची. उरलेली टेबलावर राहू द्यायची. ती खाली लोंबली की तिच्या वजनाने टाके वाकडे होतात. मध्यापासून उजवीकडे २ इंचांवर एकेक ओळ घातली, मग गोधडी फिरवून दुसरी बाजू. दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते भरणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. दाते खाली पाडून वेलबुट्टीही काढता येते, पण धावदोऱ्याच्या गोधडीला सरळ ओळीच बऱ्या.

कडेची पट्टी मात्र मी हाताने दुमडून शिवली. तेवढा हट्ट ठेवला.

गेल्या दिवाळीत गोधडी साताऱ्याला नेली. आईने पांघरून पाहायच्या आधी ती उलटी केली आणि मागची बाजू हाताने चाचपत गेली. एका कोपऱ्याशी बोट थांबलं. चष्म्याशिवायही तिला ती चुणी सापडली होती.

"इथं घाई केलीस," म्हणाली, आणि गोधडी पायांवर ओढून घेतली.