आई दिसते, मग अडकते का?

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतली आणि साताऱ्याच्या माण-खटावमधली कितीतरी घरे गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. सोने-चांदी गाळायला माणसे देशभर पांगली, म्हातारी माणसे गावी राहिली. अशा घरांत रात्री व्हिडिओ कॉल लागला की गावाकडून आई म्हणते, "मला तर तू चांगला दिसतुयास की!" आणि पलीकडून मुलगा म्हणतो, "आई, तू अडकलीयास."

दोघेही खरेच सांगत असतात. व्हिडिओ कॉलला येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असते. मुलाचे चित्र आईकडे येते ते डाउनलोड, आईचे जाते ते अपलोड. मोबाइलचा टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो. आईच्या हातातल्या फोरजी फोनची ताकद जेमतेम 0.2 वॅट. मध्ये डोंगर आला की आधी दम तुटतो तो फोनचा. त्यात मोबाइलच्या जाळ्यात बऱ्याचदा डाउनलोडसाठी जागा जास्त ठेवलेली असते. फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्या टॉवरचा संदेश किती जोरात येतो ते सांगतात, आपला तिथवर पोचतो का ते नाही. म्हणून काड्या भरलेल्या आणि चित्र गोठलेले, असे घडू शकते.

पाठवायचे तरी किती असते? 1280 बाय 720 बिंदूंच्या एका चित्रात 9,21,600 ठिपके. प्रत्येकाच्या रंगासाठी 24 बिट, आणि सेकंदाला अशी 30 चित्रे, म्हणजे फ्रेम. हिशेब जातो सेकंदाला 66 कोटी बिटच्या पुढे. प्रत्यक्षात कॉल पंधरा-वीस लाखांत भागतो. ही काटकसर करतो तो कोडेक. तो आधी डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळतो. यामागचे मुख्य गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्स्फॉर्म, 1974 साली प्रसिद्ध झाले. ते मांडणारे नासिर अहमद मूळचे बेंगळुरूचे, आणि टी. नटराजन व के. आर. राव हे त्यांचे सहलेखक. अहमद यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, तो नाकारला गेला. आज फोटोपासून व्हिडिओ कॉलपर्यंत सगळीकडे हेच गणित किंवा त्याची सुधारलेली रूपे चालतात.

कोडेकची दुसरी युक्ती त्याहून मोठी बचत करते. आईमागची भिंत हलत नाही, मग ती दर वेळी कशाला पाठवायची? एकदा पूर्ण चित्र जाते, पुढे फक्त काय बदलले तेवढेच. म्हणूनच मधला एखादा तुकडा, म्हणजे पॅकेट, हरवला की पुढच्या बदलांचा आधारच जातो. चेहऱ्याचे चौकोन होतात किंवा चित्र थिजते, ते नवे पूर्ण चित्र येईपर्यंत. रेंजसाठी अंगणात झाडाखाली बसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे: मागे हलणारे प्रत्येक पान कोडेकला बदल म्हणून पाठवावे लागते. अंगणात जरूर बसा, पण पाठीशी भिंत असू द्या.

आवाजाला मात्र सेकंदाला तीसेक हजार बिट पुरतात. चित्राचा पन्नासावा हिस्सा! कॉल अडखळू लागला की आधी कॅमेरा बंद करावा. बोलणे बहुतेक वेळा चालू राहते.

बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती माहिती जाते. लेटन्सी म्हणजे ती पोचायला किती वेळ लागतो. या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. फरक समजायला साताऱ्याजवळचे अपशिंगे पाहा, घरोघरी सैनिक देणारे गाव. सीमेवरच्या दुर्गम चौक्यांतून असे जवान उपग्रह फोनवरून घरी बोलतात. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंच असतो, तिथवर जाऊन परतायलाच आवाजाला पाव सेकंद लागतो. उत्तर येईपर्यंत अर्धा. मग दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात. बँडविड्थ वाढवून हे सुटत नाही, कारण अडचण अंतराची आहे. जमिनीवरच्या फायबरमधून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाश सेकंदाच्या दोन-तीन शतांशांत पोचतो.

चित्र सोडूनच द्यावे असे नाही. ई-संजीवनीसारख्या सेवेतून डॉक्टरांशी दुरून बोलताना पुरळ किंवा जखम दाखवावी लागते. चित्र तुटत असेल, तर शक्य तिथे साधा फोटो पाठवावा. कॉलमध्ये हरवलेले पॅकेट पुन्हा मागेपर्यंत त्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. फोटोला ती घाई नसते. तुकडा हरवला तर फोन तो पुन्हा पाठवतो, आणि दोन मिनिटे उशिरा का होईना, डॉक्टरांना जखमेची कड स्पष्ट दिसते.