पुरुषी संप्रेरक आणि हृदय: खापर कुणावर?

खच्ची केला की वळूचा बैल होतो आणि मुकाट्यानं नांगराला चालतो, हे दापोली तालुक्यातल्या भातशेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा प्रताप असा डोळ्यांदेखत दिसतो. म्हणूनच की काय, पुरुषाला बाईच्या आधी हार्ट अटॅक येतो याचं खापरही टेस्टोस्टेरॉनवरच फुटलं. पुरुषी संप्रेरक मारतं, तर बायकी तारेल, हा तर्क केवळ पारावरचा नव्हता. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये एकदा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना खरोखरच इस्ट्रोजेन दिलं गेलं. मोठी मात्रा घेणाऱ्यांत पुन्हा झटके येण्याचं आणि रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण वाढलं, म्हणून १९७० मध्ये ती बंद करावी लागली. लहान मात्राही १९७३ मध्ये थांबली.

आता वारं उलटं फिरलंय. चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन घटतं, त्यानं हृदय कमजोर होतं, तेव्हा बाहेरून भरा, असं सांगितलं जातं. हृदयरोग्यांत ते अनेकदा कमी आढळतं, हे खरंच आहे. पण सुटलेलं पोट, मधुमेह, जुनाट दुखणं हेच त्याला खाली ओढतात आणि पोट नि मधुमेह हृदयालाही सोडत नाहीत. झरा का आटला ते न पाहता विहिरीत टँकर ओतण्यातला हा प्रकार. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत टेस्टोस्टेरॉन कमी असलेले, हृदयरोग किंवा त्याचा मोठा धोका असलेले ५,२००हून अधिक पुरुष होते. हृदयविकारानं मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही झालेले टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत ७ टक्के निघाले, तर औषधाविना नुसतं जेल लावणाऱ्यांत ७.३. म्हणजे बचाव नाही आणि घातही नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी अडकणं मात्र औषधाच्या गटात जास्त दिसलं.

मग औषध निर्धोक ठरलंच की, असं कुणी म्हणेल. हार्ट अटॅक आणि पक्षाघातापुरतं ठरलं, पण तेही कमतरता असलेल्यांत आणि पातळी नेहमीइतकी आणण्यापुरतं. जिममध्ये दंड फुगवायला टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची मात्रा याच्या कितीतरी पट असते. त्यानं रक्त दाटतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. वर, मर्दानगीसाठी घेतलेल्या या औषधानं शुक्रजंतूही घटतात! खरी कमतरता ठरवायची तर लक्षणं असावी लागतात आणि सकाळचं रक्त दोन वेगवेगळ्या दिवशी तपासावं लागतं, कारण ही पातळी दिवस चढेल तशी उतरते.