'स्टार ट्रेक'चा पडद्यावरचा दुसरा जन्म 🚀

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ अशी तीनच सीझन चालली. एकूण ७९ भाग. दुसऱ्या सीझनमध्ये ती बंद पडणार अशी कुणकुण लागताच चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला. पुढे पुनःप्रक्षेपणांमुळे चाहते वाढतच गेले.

१९७७मध्ये पॅरामाउंट स्टुडिओ 'फेज टू' ही नवी मालिका आणण्याच्या तयारीत होती. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स' तुफान चालला. अवकाशपटांना प्रेक्षक आहे हे दिसलं आणि मालिकेऐवजी सिनेमाच करायचं ठरलं. रॉबर्ट वाइज दिग्दर्शित 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' १९७९मध्ये आला. त्यातली इलिया ही व्यक्तिरेखा साकारली मुंबईत जन्मलेल्या पर्सिस खंबाटाने, १९६५च्या मिस इंडियाने! भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस काढले होते.

माझा सगळ्यात आवडता मात्र दुसरा, निकोलस मायर दिग्दर्शित 'द राथ ऑफ खान' (१९८२). यातला खलनायक खान मालिकेच्या 'स्पेस सीड' (१९६७) या भागातून आलाय आणि दोन्हीकडे रिकार्डो माँटलबानच आहे. सिनेमा कलाकारांचं वाढलेलं वय लपवत नाही. मालिकेचा नायक कर्क याला ते सलतं, आणि मालिकेत खानबाबत घेतलेला जुना निर्णय खानच्याच रूपाने त्याच्यासमोर उभा राहतो. मालिकेवरचा सिनेमा असाच हवा: जुन्या कथेचे परिणाम दाखवणारा.

नव्याने बघणाऱ्यांनी आधी 'स्पेस सीड' बघावा, मग हा सिनेमा.

मालिकेतून आलेला तुमचा आवडता विज्ञानपट कोणता? नक्की सांगा.

#स्टारट्रेक #विज्ञानपट