विजेची बस घ्यावी का? देखभालीचा हिशेब

गेल्या पालक सभेत एका पालकांनी विचारले, "शहरात विजेच्या बसेस धावतात, मग आपल्या शाळेची बस अजून धूर का सोडते?" त्याच आठवड्यात सातवीच्या मुलांनी विज्ञानाच्या तासाला जवळजवळ हाच प्रश्न केला. विश्वस्तांपुढेही तो आहेच. आपली जुनी डिझेल बस आता वारंवार गॅरेजमध्ये जाते आणि दुरुस्तीचे प्रत्येक बिल शेवटी बसच्या शुल्कातूनच भागवावे लागते. म्हणून आम्ही संपादक मंडळाने या विषयाची माहिती गोळा केली. ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

हैदराबादकरांना बस नवी नाही. निजामाच्या रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने १९३२ साली २७ बसेस घेऊन येथे सेवा सुरू केली. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये राज्य परिवहन महामंडळाच्या ४० विजेच्या बसेस विमानतळाच्या मार्गांवर धावू लागल्या. धूर नाही आणि इंजिनाची घरघर नाही, हे सर्वांनाच आवडले. परंतु अशी बस सांभाळायला किती खर्च येतो, हा प्रश्न वेगळा आहे.

डिझेल बसचा पैसा कुठे जातो?

डिझेल इंजिनात इंधन जळते, म्हणजे आत शेकडो अंश तापमान, दाब, घर्षण आणि काजळी. या चौघांशी सतत झगडावे लागते. मोठ्या बसच्या इंजिनात पंधरा-वीस लिटर ऑइल मावते आणि ते ठरावीक अंतरानंतर बदलावे लागते. त्यासोबत ऑइल, डिझेल आणि हवेचे फिल्टर बदलावे लागतात. पुढे फॅन बेल्ट, इंजेक्टर, टर्बो, रेडिएटर, सायलेन्सर आणि सेल्फ येतात. शहरातल्या गर्दीत दर दोन मिनिटांना क्लच दाबावा लागतो, त्यामुळे क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सही झिजतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. त्यामुळे नव्या बसमध्ये धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आणि युरियाचे द्रावण यांची भर पडली. हवेसाठी ही चांगलीच गोष्ट झाली, पण सांभाळायच्या वस्तू वाढल्या.

विजेच्या बसमध्ये काय उरते?

यातले बहुतेक सारे भाग विजेच्या बसमध्ये नसतातच. मोटारीत फिरणारे भाग मोजकेच असतात. इंजिन ऑइल, क्लच, इंजेक्टर आणि सायलेन्सर यांना रजा मिळते. ब्रेकचीही बचत होते. विद्यार्थी मित्रांनो, सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरले की वीज तयार होते आणि पायडल मारणे जड जाते. बसचा वेग कमी करताना तिची मोटारही अशीच डायनॅमोसारखी वागते. बस मंदावते, वीज बॅटरीत परत जाते आणि ब्रेक लायनिंग कमी झिजते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२१ साली लहान मोटारगाड्यांसाठी असा हिशेब मांडला होता. पेट्रोल गाडीची देखभाल मैलामागे १०.१ सेंट, तर विजेच्या गाडीची ६.१ सेंट, म्हणजे सुमारे ४० टक्के कमी. बसला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, परंतु कारण तेच आहे.

मात्र विजेच्या बसला देखभाल लागतच नाही, हा गैरसमज आहे. टायर, स्प्रिंगा, स्टिअरिंग, दरवाजे, एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर आणि काचा या गोष्टी दोन्ही बसेसना सारख्याच. बॅटरीच्या वजनामुळे टायर लवकरही झिजू शकतात. बॅटरी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतले कूलंट, चार्जिंगची जोडणी आणि जाड नारिंगी केबल यांची तपासणी करावी लागते. त्या केबलमधून शेकडो व्होल्टची वीज वाहते. तिथे पाना घेऊन कोणीही हात घालून चालत नाही. प्रशिक्षित माणूस आणि विद्युतरोधक हातमोजे हवेतच. आमच्या बसचे मिस्त्री म्हणाले, "इंजिनाचा आवाज ऐकून मी रोग सांगतो. हिला आवाजच नाही, मग लॅपटॉप शिकावा लागेल." गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. देखभालीचा खर्च कमी होतो, पण ती देखभाल करणारा माणूस नव्याने घडवावा लागतो.

मोठा खर्च बॅटरीचा

देखभालीच्या हिशेबात ऑइल आणि फिल्टर हे रोजचे सुटे पैसे आहेत. बॅटरी ही घरातल्या लग्नासारखी, एकदाच येते पण सारी शिल्लक नेते. बॅटरीच्या किमती खूप उतरल्या आहेत हे खरे. २०१० साली एका किलोवॉट-तासाला हजार डॉलरहून अधिक पडत, तर २०२४ मध्ये सर्व प्रकारच्या वापरांची मिळून जागतिक सरासरी ११५ डॉलरवर आली. तरीही बसच्या बॅटरीत असे शेकडो किलोवॉट-तास असतात. म्हणून बस घेताना पहिला प्रश्न हमीचा विचारावा.

चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या १६,००० हून अधिक बसेस विजेवर आणल्या. तेथे बॅटरी आणि मोटार यांची जबाबदारी बसच्या आयुष्यभर उत्पादकावरच ठेवण्यात आली, शिवाय सरकारचे अनुदानही मोठे होते. उलट अनुभव अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा. तेथे २०१९ साली प्रोटेरा कंपनीच्या २५ बसेस आल्या आणि सांगाड्याला तडे दिसल्याने फेब्रुवारी २०२० मध्ये बाजूला काढाव्या लागल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. मोटार चांगली असून उपयोग नाही, सुटे भाग देणाराही टिकला पाहिजे.

आपल्याकडे हा धोका टाळण्यासाठी किलोमीटरमागे भाडे देण्याची पद्धत आली. बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, वाहक महामंडळाचा. २०२२ साली हैदराबादसह पाच शहरांसाठी ५,४५० बसेसची एकत्रित निविदा निघाली. त्यात सर्वांत कमी दर १२ मीटर बससाठी किलोमीटरला ४३.४९ रुपये आणि ९ मीटर बससाठी ३९.२१ रुपये आला, तोही चार्जिंगची वीज धरून. बस बंद पडली तर नुकसान कंत्राटदाराचे, म्हणून देखभालीकडे त्याचेच लक्ष राहते.

आपल्या शाळेचे गणित

आता पाटी-पेन्सिल घेऊ. पुढील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, प्रत्यक्ष दरपत्रक आले की ते बदलावेत. डिझेल बस लिटरला ५ किलोमीटर जाते आणि डिझेल ९५ रुपये, म्हणजे किलोमीटरला १९ रुपये. विजेच्या बसला किलोमीटरला ०.९ युनिट लागते आणि युनिट ९ रुपये, म्हणजे सुमारे ८ रुपये. इंधनात ११ रुपये वाचले. देखभालीत आणखी ३ रुपये वाचतात असे धरू. एकूण बचत किलोमीटरला १४ रुपये.

शहर बस दिवसाला २०० किलोमीटर आणि वर्षात ३२५ दिवस धावली, तर ६५,००० किलोमीटर होतात. बचत ९ लाख १० हजार रुपये. शाळेची बस दिवसाला ७० किलोमीटर आणि वर्षात २१५ दिवस, म्हणजे सुमारे १५,००० किलोमीटर. बचत २ लाख १० हजार. दोन्ही प्रकारच्या बसेसच्या किमतीत ५० लाखांचा फरक असेल, तर शहर बस तो साडेपाच वर्षांत भरून काढते. आपल्या बसला जवळजवळ २४ वर्षे लागतील, आणि तेवढी वर्षे बसच टिकणार नाही!

थोडक्यात, विजेची बस धावेल तेवढी वाचवते आणि उभी राहिली की महाग पडते. बॅटरी तर उभ्या उभ्याही म्हातारी होते. विशेषतः मे महिन्याच्या उन्हात, पूर्ण चार्ज करून ठेवली तर अधिकच.

म्हणून आमचे नम्र मत असे की यंदा शाळेने स्वतःची विजेची बस घेऊ नये. शेजारच्या दोन-तीन शाळांनी मिळून किलोमीटरच्या दराने बस भाड्याने घेता येईल का, याची चौकशी मात्र विश्वस्तांनी आत्ताच सुरू करावी. सकाळी शाळा, दुपारी दुसरी पाळी, सुटीत सहली, असे बसचे चाक फिरते राहिले तर गणितच बदलेल.

तोपर्यंत एक उपाय बिनखर्चाचा आहे. शाळा सुटताना फाटकासमोर बस इंजिन चालू ठेवून उभी असते आणि पहिली-दुसरीची मुले तिच्या मागेच रांगेत थांबतात. सोमवारपासून मुले बसमध्ये बसेपर्यंत इंजिन बंद राहील, असे चालक काकांनी कबूल केले आहे. सातवीच्या मुलांनी महिनाभर डिझेलची आणि दुरुस्तीची नोंदवही ठेवायची आहे. वर धरलेल्या आकड्यांच्या जागी त्यांचे खरे आकडे आम्ही पुढील अंकात छापू.