तांब्यात उरलेला मातो-तोपे

कार्ल बोडमरचे रंग गोठायचे. गरम पाण्यात धरून ते पातळ करावे लागत, मग कुंचला चाले. १८३३-३४चा हिवाळा होता आणि ठिकाण होतं फोर्ट क्लार्क, आजच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं, मिसुरी नदीकाठचं कातड्यांच्या व्यापाऱ्यांचं ठाणं. स्वित्झर्लंडच्या या पंचविशीतल्या चित्रकाराला प्रिन्स मॅक्सिमिलियन या निसर्गअभ्यासक जर्मन राजपुत्राने बरोबर आणलं होतं. शेजारीच मॅन्डन या मूलनिवासी लोकांची मातीच्या घुमटाकार घरांची गावं होती. त्यांचा नायक मातो-तोपे, म्हणजे ‘चार अस्वलं’, सगळा साज चढवून बोडमरसमोर उभा राहिला. केसांत खोचलेला लाकडी सुरा ही त्याने हातघाईत मारलेल्या शायेन जमातीच्या सरदाराची खूण.

१८३७च्या उन्हाळ्यात आगबोटीबरोबर देवीची साथ आली. जुलैअखेर मातो-तोपे गेला. सुमारे १,६०० मॅन्डनांपैकी दीडशेही उरले नाहीत. बोडमरची छापील चित्रं युरोपात बाहेर पडू लागली ती १८३९ साली.

अमेरिकी सरहद्दीची जुनी चित्रं जमवणारे लोक या ८१ चित्रांच्या संचाला फार मानतात. तंत्र अ‍ॅक्वाटिंटचं. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड भुरभुरायची, तापवून चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. कणांमधल्या फटींतून आम्ल धातू खातं. जितका जास्त वेळ ठेवावा, तितकी छटा गडद. मग शाई भरून, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. पत्र्याच्या कडेचा खळगा कागदावर चौकटीसारखा उमटतो आणि बोटाला लागतो. जाणकार आधी तो चाचपतात, मग समासातला बोडमरचा शाईविना उठवलेला शिक्का शोधतात. पत्रा झिजतो, म्हणून चांगल्या प्रती मोजक्याच निघत. मर्यादा धातूची होती आणि वर्गणीदारांच्या खिशाची.

थॉमस मॅकेनीच्या संचाची कथा वेगळी. मॅकेनी हा वॉशिंग्टनमधला, मूलनिवासींचा कारभार पाहणारा सरकारी अधिकारी. तहासाठी येणाऱ्या नायकांची चित्रं तो चार्ल्स बर्ड किंग या चित्रकाराकडून काढून घेई. १८३० साली नोकरी गेली, पण चित्रांचा नाद सुटला नाही. जेम्स हॉलच्या मजकुरासह १८३६ ते १८४४ या काळात तीन खंड निघाले, त्यांत १२० शिळाछाप चित्रं, हातांनी रंगवलेली. (शिळाछाप म्हणजे आपल्या जुन्या पोथ्या छापल्या जात, तीच दगडावरची छपाई.) मूळ चित्रं स्मिथसोनियन संस्थेत होती; २४ जानेवारी १८६५ रोजी तिच्या इमारतीला आग लागली. कामगारांनी शेगडीचं नळकांडं धुराड्याऐवजी भिंतीतल्या पोकळीत खुपसलं होतं. किंगची जवळजवळ सगळी मूळ चित्रं जळाली. त्यातले कितीतरी चेहरे आज आपल्याला ठाऊक आहेत ते या छापील पानांमुळे. अर्थात सुटं पान बाजारात दिसलं, की कुणीतरी एक पुस्तक फोडलंय हेही समजावं.

करियर अँड आइव्हज या छपाई कंपनीच्या शिळाछापांना मात्र संख्येचं बंधन नव्हतं. छोटी चित्रं काही सेंटांत मिळत आणि घरोघरी लागत. ‘अक्रॉस द काँटिनेंट’ हे त्यांचं १८६८चं गाजलेलं चित्र काढलं फॅनी पामरने. पश्चिमेकडे ती कधी गेलीच नव्हती! गंमत अशी, की या स्वस्त चित्रांनाही आज संग्राहक चांगली किंमत मोजतात.

समासातला पेन्सिलीचा ‘२३/१२५’ असा अपूर्णांक बोडमर, मॅकेनी, करियर या मंडळींना माहीत नव्हता. ती नंतरची रीत: १२५ प्रतींपैकी ही तेविसावी. रॉबर्ट ग्रिफिंगसारख्या आजच्या चित्रकारांनी अठराव्या शतकातली पेनसिल्व्हेनियाकडची रानं रंगवली, त्यांच्या प्रती अशाच सही-क्रमांकानिशी विकल्या जातात. त्यांत वाईट काही नाही, पण इथे मर्यादा प्रकाशकाने ठरवलेली असते. ऑफसेट यंत्र हजारावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ काढतं. भिंगाखाली ऑफसेटचे ठिपके नक्षीत बसलेले दिसतात. शिळाछापाचा कण विस्कळीत असतो. ‘जिक्ले’ हे भारदस्त नाव तर १९९१ साली इंकजेट छपाईला दिलेलं. मला विचाराल, तर नुसत्या क्रमांकासाठी पैसे देऊ नयेत. लंडनच्या अलेक्टो या प्रकाशनाने बोडमरच्या मूळ पत्र्यांवरून १२५ संच पुन्हा छापले, तो प्रकार मला जास्त प्रामाणिक वाटतो: छपाई नवी, पण ठसा त्याच धातूचा.

घेतलंच चित्र, तर समास कापू देऊ नका, उन्हासमोरच्या भिंतीवर लावू नका आणि चौकटीत आम्लरहित पुठ्ठाच घाला. मुंबईच्या दमट हवेत कागदावर तांबूस डाग यायला एक पावसाळा पुरतो.

बोडमरची मूळ जलरंगचित्रं दुसऱ्या महायुद्धानंतर राजपुत्राच्या घराण्याच्या वाड्यात सापडली. आता ती नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाच्या जोस्लिन संग्रहालयात आहेत. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांच्या वाटेत ओमाहा सहसा पडत नाही. वाकडी वाट करून जा.